नऊ पायल्यांचं रोप

आमच्या गावात कुणाला आकडा विचारला की माणूस आधी आभाळाकडं बघायचा, मग स्वतःच्या पायांकडं, आणि मग म्हणायचा, "आसंल की." किती असेल, ते नाही. एस्टी किती वाजता येते? येती की जेवणाच्या वक्ताला. जेवणाचा वक्त कधी? एस्टी आली की. लग्नाला माणूस किती होतं? लई. पासलीला चालत जायला किती वेळ लागतो? एक पान खाऊन थुंकंस्तवर आन वर जरासा. पान किती मोठं, थुंकणारा कोण, यावर पासली जवळ किंवा लांब.

मी गणित घेऊन बी. एस्सी. झालो. पाचवीपासून भोरच्या बोर्डिंगात राहून, पुढं पुण्याला एका खानावळीत ताटं वाढून शिकलो. वेल्ह्याच्या आमच्या खोऱ्यात, चार-पाच वाड्या धरून, पहिला पदवीधर मीच. हे मी तेव्हाही मोठ्यानं सांगायचो, आताही सांगतो. साठच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. त्यामुळं "आसंल की" हे उत्तर मला दाढेत अडकलेल्या खड्यासारखं बोचायचं. जग मोजता येतं, आणि आमची माणसं ते मोजत नाहीत, याचा मला रागच होता.

सगळ्यांत जास्त राग आईच्या बारा पायल्यांचा.

आमच्याकडं भाताचं रोप आधी राबात करतात. उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पाला, झाडांच्या डहाळ्यांचं कवळं पसरून भाजायचं, पाऊस लागला की त्यात बी फेकायचं, महिन्याभरानं रोप उपटून त्याच्या मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरांत लावायच्या. या राबासाठी आई दरवर्षी बारा पायल्या आंबेमोहोर काढायची. पाऊस कसाही असो, बी कसंही असो, बारा.

"बाराच का?" मी विचारलं होतं.

"आमच्या सासूबाई बारा काढायच्या."

"त्या का काढायच्या?"

"त्यांना इचारायला पायजे व्हतंस. आता कुठं सापडायच्या?"

बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आषाढातल्या एका रविवारी मी पुण्याहून घरी आलो होतो. शाळा-कॉलेजं जूनमध्येच सुरू व्हायची, त्यामुळं लावणीचा शेवट मी लहानपणापासून कधी पाहिला नव्हता. त्या रविवारी आमची लावणी उरकलेली होती, आणि झऱ्याच्या खाचराच्या खालच्या बांधावर मुठींचा ढीग पडलेला होता. मोजल्या. मुठी आमच्याकडं वीस-वीसच्या कोडीनं मोजतात. एकोणतीस कोड्या भरल्या. म्हणजे जवळजवळ सहाशे मुठी रोप बांधावर कुजायला टाकलेलं. मला हे पाहवेना. वरच्या पाच मुठींच्या गाठी सोडून मी एकेक काडी मोजली. कुठं दोनशे ऐंशी, कुठं सव्वातीनशे. सरासरी तीनशे. वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळची एस्टी पकडून पुण्याला गेलो. घरात कुणाला काही बोललो नाही. परीक्षा झाल्यावर बघू, म्हटलं.

परीक्षा झाली आणि मी वैशाखात कामाला लागलो.

आधी जमीन. सातबाऱ्यावर दीड एकर, आबाही, म्हणजे माझे वडील, छातीवर हात ठेवून दीड एकर सांगायचे. मी सुंभाच्या दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या, धाकट्या बहिणीला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि नऊच्या नऊ खाचरं मोजली. लांबकं नावाचं खाचर सोपं होतं. तिकोन्याला पाया गुणिले उंची भागिले दोन. वडाच्या खाचराचा आकार कोयत्यासारखा, त्याचे पाच तुकडे करावे लागले. तीन दिवस उन्हात गेले. बांध, कातळ, झऱ्याची घळ वगळून बेरीज आली अठ्ठेचाळीस गुंठे.

आबांना सांगितलं तर ते चिलीम हातात तशीच धरून बसले.

"म्हंजी माझी बारा गुंठं जिमीन तू खाल्लीस."

"खाल्ली नाही, आबा. ती लागवडीची नाही. बांध आहेत, दगड आहेत."

"बांध कुणाचं?"

"आपलेच."

"दगड?"

"आपलेच, पण..."

"मग दीड एकरच की."

मग बी. निळवं हे आमच्याकडचं सगळ्यांत लहान माप, पायलीत चौसष्ट निळवी बसतात. एक निळवं भात मी सुपात ओतलं आणि बहिणीला घेऊन दाणे मोजायला बसलो. ती दहा-दहाचे ढीग करायची, मी शंभराचे. सतराशे बेचाळीस. आई चुलीपाशी होती, तिथून म्हणाली, "धान्य मोजावं मापानं. दाणा-दाणा मोजलं तर घटतं." मी म्हटलं, घटलं तर तेही मोजू. शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले, अठ्ठ्याऐंशी उगवले. पाखरं, किडे, कूज, माणसांचे पाय यांना त्यांचा वाटा दिला. एका पायलीतून मुठीत बांधण्याजोग्या सहासष्ट हजार काड्या मिळतील असं धरलं. तीनशेनं भागलं, दोनशे वीस मुठी. गुंठ्याला चाळीस मुठी लागतात, हे लावणाऱ्या बायांच्या दोन काड्यांमधलं अंतर मोजून काढलेलं. अठ्ठेचाळीस गुणिले चाळीस, एकोणीसशे वीस. वर ऐंशी मुठी सांडलवंड. दोन हजार मुठींना नऊ पायल्या बी.

तीन पायल्या आम्ही दरवर्षी मातीत घालत होतो. घरात भाद्रपदात भाताची कणगी तळाला जायची आणि आम्ही नाचणीवर यायचो. त्या तीन पायल्या मला डोळ्यांसमोर शिजताना दिसत होत्या.

आई म्हणाली, "कमी पडंल."

"किती कमी पडेल?"

"ते म्या कसं सांगू? कमी पडंल."

"आई, मी दाणे मोजलेत. तू काय मोजलंस?"

आबांनी निकाल दिला. "पोरगं शिकलंय. एक साल त्येच्या वहीनं जाऊ. पुरलं तर पुरलं, न्हाई तर पुढल्या सालापासनं त्येनं वही आन त्येच्या आईनं पायली धरावी."

म्हणजे पैज लागली. पेरणीच्या दिवशी आबांनी बी मोजलं. पहिल्या पायलीला आबा कधी एक म्हणायचे नाहीत, लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन असं करत नऊवर थांबले आणि माझ्याकडं बघितलं. दहाव्या पायलीला हात आपोआप पुढं गेला होता, तो त्यांनी मागं घेतला.

ज्येष्ठात परीक्षेचा निकाल लागला. भोरच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. आषाढात मी दहा दिवसांची रजा काढली. नव्या मास्तरानं लगेच रजा मागितली म्हणून हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मला लावणीचा शेवट पाहायचाच होता. माझी वही खरी की आईची बारा पायली खरी, हे गावासमोर ठरणार होतं. गावाला बातमी होतीच.

रोप उपटायला आमच्याकडं दरवर्षी बांधालगतची एक बाई यायची. आम्ही सारे तिला मावशी म्हणायचो, नातं काही नव्हतं. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. त्याचं पत्र यायचं, तो यायचा नाही. घरात ती आणि तिची एक मुलगी. बैल नाहीत, गाय नाही. झऱ्याच्या खाचराच्या खाली तिचं एकच खाचर. ती पहिल्या दिवसापासून आमच्या राबात बसायची आणि तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. डोक्यावर इरलं, पाण्यात गुडघे, आणि दोन्ही हातांनी सरसर उपटत जायची. मी बांधावर सुतळी घेऊन उभा, कोडी झाली की गाठ. पावसात वही चालत नाही.

"मावशी, मूठ लहान बांधा. तुमच्या मुठीत साडेतीनशे काड्या बसतात."

"मूठ का आता फुटपट्टीनं बांधू, मास्तर? देवानं दिली तेवढी हाय."

"हिशोब तीनशेचा आहे."

"मग दुसरी बारक्या हाताची बाई बघा," ती म्हणाली, आणि राबातल्या सगळ्या बाया हसल्या. आईही हसली. मला मुळीच हसू आलं नाही. प्रत्येक जाड मूठ माझ्या दोन हजारांतून काहीतरी खात होती.

सहाव्या दिवशी राब रिकामा झाला. सुतळीला अठ्ठ्याण्णव गाठी, वर चौदा मुठी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी दोन हजार म्हटलं होतं. दोन दिवसांनी दुपारी तिकोन्याचा शेवटचा कोपरा लावून झाला तेव्हा बांधावर अकरा मुठी उरल्या होत्या. अकरा. मी त्या हातात घेऊन दोनदा मोजल्या. आबा घोंगडीतून हात काढून म्हणाले, "जमलं की रं." शेजारच्या बांधावरून दोघं-तिघं बघायला आले. कुणी म्हणालं, वहीत काहीतरी हाय बरं का. आयुष्यात मला बक्षिसं काही थोडी मिळाली नाहीत, पण त्या अकरा मुठींसारखं एकही नाही.

मी आईकडं बघितलं. ती खाली बघत होती. मी वळलो तर मावशी पाटी घेऊन बांधाच्या टोकाला उभी होती.

तिनं अकरा मुठी बघितल्या. मग तिकोन्याच्या पलीकडं बघितलं, लांबक्याच्या बांधावर बघितलं. दुसरा ढीग कुठं असेल असं तिला वाटत असणार.

"माझं कुठं ठिवलंय?" ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "काय तुमचं?"

"रोप."

झऱ्याच्या खाचराखाली बघितलं तर तिचं खाचर चिखलणी करून तयार होतं. आदल्या दिवशी आबा बैल घेऊन तिकडं गेलेले मी पाहिले होते, पण मी माझ्या गाठींत होतो. पाणी भरलेलं, तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल केलेला, आणि त्यात एक काडी नाही.

आबा म्हणाले, "तिचं धरलं न्हाईस व्हय?"

"कुणाचं?"

"आरं, तिच्याकडं ना शेण ना पाला, ती राब कशाचा भाजंल? आपलंच वरचं रोप जातं की तिला. ती आपल्या राबात राबती, आपण तिचं खाचर करतो. तुझ्या आजीपासनं हाय ते."

"मला कुणी सांगितलं हे?"

"सांगायचं काय त्येत," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी तिथंच, चिखलात उभा राहून, सगळ्यांदेखत आईशी भांडलो. म्हटलं, मी तुला विचारलं होतं बाराच का. विचारलं होतं किती कमी पडेल. एक आकडा सांगितला असतास, एक नाव सांगितलं असतंस, तर मी गुंठे मोजले असते, मुठी धरल्या असत्या. गुणाकारच करायचा होता. अर्धं मिनिट लागलं असतं.

"म्या म्हणलं व्हतं, कमी पडंल."

"पण आपल्याला पुरलं!"

"आपल्याला कमी पडंल आसं म्या कवा म्हणलं?"

मग आबा जे बोलले ते डोक्यातून अजून जात नाही. ते रागावले नव्हते. म्हणाले, "निळव्यातलं दाणं मोजलंस. दगड वगळलंस. मला वाटलं, एवढं धरतोय तर ते बी धरलं आसंल. म्हून म्या बैल घातलं."

मावशी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. म्हणाली, "गेल्या साली बांधावर माझ्या पाच मुठी कुणी सोडून इस्कटल्या व्हत्या. म्या म्हणलं, गुरं आली का काय. तूच व्हय ते?"

"मीच."

"मोजत व्हतास?"

"हो."

"मग मोजून ठिवल्यावर परत बांधायच्या तरी."

त्या दिवशी दुपारपासून मी रोप मागत फिरलो. शाळेच्या रजेचा एकच दिवस उरला होता. आमच्या वाडीत, वरच्या वाडीत, ओढ्यापलीकडं. लावणीच्या शेवटी ज्याचं उरलेलं असतं ते ज्याच्या-त्याच्या ठरलेल्या माणसाकडं गेलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक बांधाखाली अशी एक मावशी होती, आणि हे कुठल्याच वहीत नव्हतं. किती रोप उरलं, विचारलं की लोक म्हणायचे, "उरलं व्हतं की." कुठं गेलं? "गेलं जिथं जायाचं तिथं." मी सोळा ठिकाणी विचारलं. दोन वाड्यांतून मिळून आठ कोड्या आणि तीन मुठी जमल्या. एकशे त्रेसष्ट. त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडलेल्या, वय झालेलं रोप. माझ्या अकरा धरून एकशे चौऱ्याहत्तर.

तिचं खाचर मी त्या संध्याकाळी दोरीनं मोजलं. चौदा गुंठे. पाचशे साठ मुठी लागत होत्या. मावशीनं आणि तिच्या मुलीनं वरच्या बाजूनं लावत आणलं, आणि एक तृतीयांश भागापाशी रोप संपलं. तिनं मागं वळून उरलेलं पाणी बघितलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "झऱ्याचं पाणी आता फोडून लावा दुसरीकडं. हितं कशाला."

मी भोरला गेलो. वर्गात पोरांना अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या यांतला फरक शिकवला, चूक किती टक्के ते काढायला लावलं. माझ्या दोन हजारांना प्रत्यक्षात एकोणीसशे चौऱ्याहत्तर आले होते. दीड टक्कासुद्धा चूक नाही. हे उदाहरण मी फळ्यावर घेतलं होतं, आणि अर्धवट पुसून टाकलं.

कार्तिकात घरी गेलो तेव्हा कापण्या झाल्या होत्या. आमच्या कणगीत भात नेहमीसारखं, आणि वर माझ्या वाचलेल्या तीन पायल्या. आईनं त्या वेगळ्या ठेवल्या होत्या. म्हणाली, "तुझ्या हायत. काय करायचं त्ये कर." मी त्या पाटीत घालून मावशीकडं नेल्या. तिनं घेतल्या, नाही म्हणाली नाही. मी विचारलं, "मावशी, यंदा किती झालं?"

"झालं की."

"पण किती?"

"झालं जेवढं लावलं तेवढं."

पुन्हा तेच उत्तर. पण या वेळी ती मला आकडा सांगणार नव्हती, आणि का सांगणार नव्हती ते मला समजत होतं. तरी माझा जीव त्या आकड्यावर अडकला होता. तिला किती महिने पुरलं, हे मला आजतागायत माहीत नाही. त्या हिवाळ्यात तिची मुलगी आमच्याकडं नाचणी दळायला यायची, भात कांडायला कधी आली नाही, एवढंच आई म्हणाली.

पुढच्या वैशाखात मी वही काढली आणि पानाच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: मावशी, चौदा गुंठे. अठ्ठेचाळीस आणि चौदा, बासष्ट. गुणिले चाळीस, दोन हजार चारशे ऐंशी. सांडलवंडीच्या ऐंशी. भागिले दोनशे वीस. उत्तर साडेअकरा पायल्यांच्या थोडं वर आलं. म्हणजे बाराच. आजीची, आईची, न मोजलेली बारा पायली. मी आकडेमोड तीनदा तपासली, कारण मला ती बारा यायला नको होती. आईला सांगितलं, तिनं नुसतं "व्हय का" म्हटलं आणि कणगीत हात घातला. आबांनी लाभपासून बारापर्यंत मोजलं.

पाऊस वेळेवर आला, रोप चांगलं उतरलं. त्या साली उपटायला मावशी आली नाही. तिला बरं नसेल, असं मी धरलं. शनिवारी शाळा सुटल्यावर नसरापूरवरून एस्टीनं वेल्हं गाठलं आणि घरी आलो, तेव्हा आमची लावणी संपली होती आणि बांधावर एकतीस कोड्या रचून ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी मी त्यांच्यापाशी उभा राहून तिची वाट बघितली. ती आली ती पासलीच्या वाटेनं, डोक्यावर भारा, मागं मुलगी, तिच्या डोक्यावर भारा. पासलीला तिचा भाऊ होता. त्याच्या राबातलं रोप ती दोन दिवस वाहत होती. खाचर त्याच्याच बैलांनी केलेलं होतं.

मी बांधावरून हाक मारली. "मावशी, हे काय? तुमचं रोप इथं आहे. सगळं धरलंय यंदा. वहीत लिहिलंय."

तिनं भारा उतरवला नाही. मान जपून वळवली आणि मुठींच्या ढिगाकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

"लिहिलंस व्हय? बरं केलंस," ती म्हणाली. "पर मला कुणी सांगितलं?"

आणि पुढं चालू लागली.

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? म्या म्हणलं, वही तुझी, तू सांगितलं आसंल."

त्या मुठी कुणाच्या कामाला आल्या नाहीत. ज्यांना लागायचं त्यांचं आपापल्या जागी ठरलेलं होतं. आठवड्यानं पुन्हा आलो तर वरचा थर पिवळा आणि खालचा काळा पडला होता, आणि आबा फावड्यानं तो ढीग वडाच्या खाचरात ओढत होते, खत तरी होईल म्हणून. मी फावडं मागितलं, त्यांनी दिलं.

वही अजून माझ्याकडं आहे. त्या पानावर मावशी, चौदा गुंठे असं लिहिलेलं आहे. गुणाकार बरोबर आहे.